नोंदणीच्या कागदावर एकच नाव: सिगारेट सोडवणाऱ्या गटात मुलं कशी आली, आणि कोण आलं नाही

पार्श्वभूमी

गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं एक हायर सेकंडरी. मी तिथे समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोन दिवस जाते, उरलेले दिवस दुसऱ्या दोन शाळांचे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलांना नावं दिलेली नाहीत, जो जे करतो त्यावरूनच त्याला ओळखू.

या तालुक्याची एक बाजू समुद्राला लागलेली आहे: मोरजी, मांद्रे, हरमल. ऑक्टोबर ते मे हंगाम चालतो आणि आतल्या गावांतली अकरावी-बारावीची मुलं शनिवार-रविवार शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलात, नाहीतर गेस्ट हाऊसवर कामाला जातात. सोळाव्या वर्षी हातात स्वतःचा पैसा असतो. रात्री काम आटोपलं की मागच्या बाजूला वयाने मोठ्या सहकाऱ्यांबरोबर बसणं होतं. पहिली सिगारेट बहुतेकांना तिथेच मिळालेली, आणि तीही फुकट.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात गोव्यातल्या प्रौढांमध्ये तंबाखूचं प्रमाण ९.७ टक्के होतं, देशाचं २८.६. हा आकडा आमच्याकडे स्टाफरूममध्ये अधूनमधून निघतो आणि निघाला की सगळ्यांना हायसं वाटतं. ‘आपल्याकडे तसं फारसं नाही.’ त्यामुळे जुलैत जे घडलं त्यासाठी कोणाचीच तयारी नव्हती. माझीही नव्हती.

मधल्या सुटीत शिपाईकाकांना मागच्या चिऱ्यांच्या कंपाउंडात, दोन चिऱ्यांच्या फटीत, दुधाची रिकामी पिशवी दिसली. आत तीन सुट्या सिगारेटी आणि एक लायटर. पावसाचे दिवस, म्हणून पिशवीचं तोंड रबरबँडने घट्ट बांधलेलं. काका तिथेच दबा धरून बसले आणि चार मुलं सापडली. एकाच्या तोंडात पेरूचं पान होतं. वास जावा म्हणून मुलं पेरूची पानं चघळतात, हे मला त्या दिवशी कळलं. आवारातल्या पेरूच्या खालच्या फांद्या उघड्याबोडक्या का, याचं उत्तरही मिळालं.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

प्राचार्यांना चौघांना आठ दिवस घरी बसवायचं होतं. मी म्हटलं, “सर, घरी बसवून काय होणार? माझ्याकडे पाठवा.” त्यांनी लगेच मान्य केलं, पण अट घातली: रोज एक तास, हजेरीची सही घेऊन, आणि ‘कोर्स’ पूर्ण झाल्याशिवाय वर्गात बसायचं नाही. मला वाटलं, शिक्षा टळली. खरं तर शिक्षा माझ्या खोलीत आली होती, इतकंच.

मुलं वेळेवर यायची. फुप्फुसांची चित्रं बघायची. “हो टीचर. सोडली टीचर.” चौथ्या दिवशी चौघांनी मला लिहूनही दिलं. पाचव्या दिवशी काकांना दुसऱ्या फटीत नवी पिशवी सापडली.

यातून मुलांपर्यंत जे पोहोचलं ते असं: सिगारेट सोडायला मदत करणारी जागा म्हणजे पकडले गेलेल्यांची जागा. ऑगस्टमध्ये मी फलकावर सूचना लावली, ‘तंबाखूमुक्त जीवनाकडे: इच्छुक विद्यार्थ्यांनी खाली नाव लिहावे’, आणि खाली दोरीला पेन बांधून कोरा कागद टांगला. दहा दिवसांत एकच नाव आलं. वळणदार अक्षरात, आडनावासकट, आमच्याच एका शिक्षकांचं. ते दुचाकींच्या स्टँडमागे सिगारेट ओढतात हे सगळ्या वर्गांना माहीत होतं. सरांनी तो कागद स्वतः काढून खिशात घातला. हसले, पण त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मुलं नेमकी कशाला बुजत होती

उत्तर मिळालं ते सिगारेटविषयी न बोलता. बारावीचा एक मुलगा भजनात गातो. आमच्याकडे गावोगावी भजनी मंडळं आहेत, चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, घरोघर आरत्या असतात, आणि बऱ्या गाणाऱ्या मुलाकडे सगळ्या वाड्याचं लक्ष असतं. तो आवाजाची तक्रार घेऊन आला. वरचा षड्ज लागत नाही, लागला तर टिकत नाही, अभंग चढायला लागला की खोकला येतो.

“कशामुळे असेल?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. “तुम्हाला माहीत आहे ना, टीचर.”

“मग त्या कागदावर नाव का नाही लिहिलंस?”

“ते स्मोकर लोकांसाठी होतं. मी फक्त सुट्टा मारतो.”

“दिवसाला किती?”

“तीन. शनिवारी मोजत नाही.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. माझी सूचना ज्यांना उद्देशून होती ती मुलं त्या शाळेत नव्हतीच. स्वतःला ‘धूम्रपान करणारा’ म्हणवणारा एकही सोळा वर्षांचा मुलगा मला अजून भेटलेला नाही. त्यांच्या लेखी तो शब्द खोकणाऱ्या काकांचा.

पुढच्या तीन आठवड्यांत मी नऊ मुलांशी असंच, दुसऱ्या कुठल्या तरी निमित्ताने बोलले. त्यातल्या सहा जणांनी एकदा तरी आपण होऊन सोडायचा प्रयत्न केला होता, कोणालाही न सांगता, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा ओढली होती. यात नवल नाही. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात त्रासाचे असतात: चिडचिड, झोप नीट न लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं. हे कोणी सांगितलेलं नसेल तर मुलगा एवढाच निष्कर्ष काढतो की आपल्यात दम नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आणि चित्र असतं, आणि सप्टेंबर २०१८ पासून त्यावर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा, मोफत नंबरही छापतात. पण ही मुलं पाकीट विकतच घेत नाहीत. दुकानदार बरणीतून एक सिगारेट काढून देतो, काउंटरला दोरीने लटकवलेल्या लायटरवर ती पेटते. चित्र नाही, इशारा नाही, नंबर नाही. नऊपैकी एकालाही तो नंबर ठाऊक नव्हता.

म्हणजे सोडायची इच्छा होती. कागदावर नाव लिहिण्याची किंमत मात्र सिगारेटच्या किमतीपेक्षा जास्त होती: मित्रांत हसं, शिक्षकांच्या नजरेत शिक्का, आणि घरी फोन.

समोरचे पर्याय

बांबोळीच्या मनोविकार संस्थेत तज्ज्ञ आहेत, पण पेडण्याहून बसने अर्धा दिवस जातो, आणि ‘मनोविकार’ हा शब्द ऐकताच गायक मुलगा जो गप्प झाला तो तासभर बोलला नाही. अगदी गरज पडली तरच, असं ठरवून तो पर्याय बाजूला ठेवला. क्विटलाइनचा नंबर सगळ्यांना दिला. दोघांनी माझ्या खोलीतून फोन केला आणि त्यांना बरं वाटलं, पण बाकीच्यांना अनोळखी आवाजाशी बोलायचं नव्हतं. निकोटिनच्या च्युइंगमविषयी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारलं. अठरा वर्षांखालच्या मुलांना ते सरसकट देणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते मला पटलं. किशोरवयीन मुलांवर झालेल्या अभ्यासांत त्यातल्या त्यात गटाने केलेल्या समुपदेशनाच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे, औषधांच्या बाजूने तेवढाही नाही.

दुकानाचं काय करायचं, यावर सगळ्यात जास्त वाद झाला. २००३ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्यांना तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाच नाही. मुलं जिथून सुटी सिगारेट घेत तो गाडा त्या अंतराच्या आत होता. पण गाडेवाला पालक-शिक्षक संघातल्या एकाचा नातलग. शेवटी तक्रार न करता संघाच्या अध्यक्षांनी जाऊन त्याला समजावलं. दोनशे रुपयांच्या दंडाचं त्याला काही वाटलं नाही. बालन्याय कायद्याखाली मुलाला तंबाखू दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे सांगितल्यावर मात्र तो खुर्चीतून उठला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा नियम: ‘युनिफॉर्मवर देत नाही.’ मुलं दप्तरात टी-शर्ट ठेवू लागली.

तेव्हाच लेखी तक्रार करायला हवी होती, असं मला आजही वाटतं. प्राचार्यांना तसं वाटत नाही. लहान गावात राहून हे लिहिणं सोपं आहे, करणं नाही, हेही मान्य.

मग काय केलं

चवथीची सुटी संपल्यावर, सप्टेंबरच्या मध्यात, गट सुरू केला. माझ्या खोलीत नाही, व्हॉलीबॉल कोर्टाच्या पायऱ्यांवर, बुधवारी शेवटच्या तासानंतर. सूचना लावली नाही, हजेरी घेतली नाही. नाव मुलांनीच ठेवलं: ‘दम’. दम मारणं आणि दम असणं, दोन्ही त्यात आलं, यावर ते बेहद्द खूश होते.

बोलावण्याची पद्धत बदलली, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला असं मला वाटतं. गायकाने दोघांना आणलं, त्या दोघांनी आणखी काहींना. सांगायचं एकच: “तीन बुधवार ये. सोडायची की नाही ते नंतर ठरव.” सोडण्याचं वचन मागितलं नाही. जुलैत मी वचन आधी घेतलं होतं आणि मदत नंतर देऊ केली होती. इथे ते उलटं केलं.

पहिल्या बुधवारी आठ जण आले. गायकाने ‘सा’ लावायचा आणि बाकीच्यांनी तो एका श्वासात जितका वेळ धरता येईल तितका धरायचा, फोनवर सेकंद मोजायचे, असा खेळ त्यांनीच काढला. याने फुप्फुसांची तपासणी होत नाही हे मी सांगितलं. कोणी ऐकलं नाही. कोर्टवर आठ वेगवेगळ्या उंचीचे ‘सा’ घुमायला लागले तेव्हा वरच्या मजल्यावरून एक शिक्षिका बघायला आल्या. बारा सेकंदांत ज्याचा श्वास तुटला तो व्हॉलीबॉलच्या संघातला होता. तो हसला, पण घरी जाताना मला विचारून गेला, “किती दिवसांत वाढेल?”

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने ओढलेली प्रत्येक सिगारेट फोनमध्ये टिपून ठेवायची, कुठे, किती वाजता, कोणाबरोबर. आईने फोन बघितला तर पंचाईत नको म्हणून ‘सिगारेट’च्या जागी ‘चहा’ लिहायचं ठरलं. एकाच्या यादीत शनिवारी चौदा चहा निघाले. याद्या शेजारी ठेवल्यावर दोन जागा उठून दिसल्या: सकाळी साडेसातचा बसस्टॉप, आणि शॅक बंद झाल्यानंतरचा अर्धा तास. निम्म्याहून जास्त सिगारेटी तिथेच जळत होत्या. तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. बसस्टॉपसाठी त्यांनी खिशात बडीशेप-खडीसाखर ठेवली, एकाने चिंच. शॅकसाठी उपाय सापडत नव्हता. “तिथे उठून गेलो तर उद्या कामावर बोलावणार नाहीत,” असं एक जण म्हणाला, आणि ते खरं असू शकतं. शेवटी एकाने काम आटोपताच हिशेब लिहायचं काम मागून घेतलं. बाकीच्यांना जमलं नाही.

सहीचा प्रश्न

इथे माझी मोठी चूक झाली.

मुलं अठराच्या खालची. पालकांची संमती हवीच. पण ‘तुमचा मुलगा सिगारेट सोडण्याच्या गटात येतोय’ असं पत्र घरी गेलं असतं तर पुढच्या बुधवारी पायऱ्या रिकाम्या. म्हणून मी लिहिलं: ‘आरोग्य, सवयी आणि श्वासाची क्षमता या विषयांवरील गटचर्चेत सहभागी होण्यास आमची संमती आहे.’ एकही शब्द खोटा नव्हता. सगळ्या सह्या दोन दिवसांत आल्या.

चौथ्या आठवड्यात एका मुलाची आई शाळेत आली. तिने त्याच्या फोनवर गटातला निरोप वाचला होता. हातात पत्राची प्रत होती, घडी घालून पदराच्या टोकात धरलेली. आवाज चढवला नाही.

“टीचर, सही माझी घेतलीत. ह्यात हे कुठं लिहिलंय ते मला दाखवा.”

मी पत्र हातात घेऊन वाचल्यासारखं केलं. दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी चूक कबूल केली, गट कशासाठी आहे ते सगळं सांगितलं. मुलगा किती ओढतो हे मात्र सांगितलं नाही, ते त्याने सांगायचं. तिने त्याला गटातून काढलं नाही. उठताना म्हणाली, “त्याच्या बाबांना नका सांगू. ते स्वतः विड्या ओढतात, पण ह्याला मारतील.” म्हणजे माझी लपवाछपवी उघड झाली त्याच क्षणी तिच्या एका लपवाछपवीत मी सामील झाले.

प्राचार्य चिडले, आणि ते बरोबर होते. त्या आठवड्यात मी मुलांशी उघड बोलले: पत्र नव्याने जाईल, त्यात तंबाखूचा उल्लेख असेल, पण त्याआधी प्रत्येकाने घरातला एक मोठा माणूस निवडायचा आणि त्याला स्वतः सांगायचं. मी हवी असेन तर बरोबर बसेन. एकाने मावशी निवडली, एकाने चुलतभाऊ, गायकाने आजी. आजीची प्रतिक्रिया त्याने पायऱ्यांवर करून दाखवली: “मला वासावरनं कधीच कळलं होतं, तू सांगायची वाट बघत होते.” नवं पत्र आठही घरांतून सही होऊन परत आलं. एकही मुलगा गळला नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी मी अर्धवट लिहिलं ती भीती मुलांची जितकी होती तितकीच माझी होती.

नरकासुराची रात्र

दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात पोरं झोपत नाहीत. वाड्यावाड्यावर नरकासुराचा पुतळा उभा राहतो, स्पर्धा असतात, पहाटे दहन. रात्रभर जागरण, मोठ्या पोरांची संगत, मोठ्याने गाणी. सिगारेट सोडून जेमतेम दोन-तीन आठवडे झालेल्या मुलासाठी याहून कठीण रात्र वर्षात नसेल. आणि आधीच्या बुधवारी मी सुटी घेतली होती. कॅलेंडर समोर असून मला हे सुचलं नाही.

दिवाळीनंतर गट बसला तेव्हा चौघांनी ओढल्याचं सांगितलं, गायकही त्यातच. दोघे काहीच बोलले नाहीत. व्हॉलीबॉलवाल्याने ओढली नव्हती. “रात्रभर जनरेटर मी सांभाळत होतो. पेट्रोल शेजारी. कोण पेटवणार?” आठवा आलाच नाही. तो सगळ्यात आधी सोडलेला, सगळ्यात जास्त दिवस टिकलेला. इतरांसमोर त्याचं आम्ही कौतुकही केलं होतं. मी दोनदा त्याला गाठलं. दोन्ही वेळा म्हणाला, “येतो टीचर.” घसरणं हा सोडण्याच्याच वाटेवरचा टप्पा आहे, हे मी पहिल्या बुधवारी सांगायला हवं होतं. दिवाळीनंतर सांगितलं ते उरलेल्या सातांच्या कामी आलं, ज्याला सगळ्यात गरज होती तो ऐकायला नव्हता.

निष्पत्ती

एकूण अकरा जण कधी ना कधी पायऱ्यांवर येऊन बसले. आठ जणांनी तीन बुधवार पूर्ण केले, सात शेवटपर्यंत राहिले. जानेवारीत, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, तिघांनी महिनाभर किंवा जास्त ओढलेली नव्हती. दोघे फक्त शनिवारी-रविवारी, गायक त्यातला एक. दोघे पूर्वीसारखेच. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, त्यामुळे हे आकडे मुलांच्या शब्दावर आहेत. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर ते पुन्हा बदलले असतील, हे गृहीत धरते.

जुलैत पकडलेल्या चौघांपैकी एकच आला. बाकीच्या तिघांना मी नंतर तीन-चारदा बोलावलं. त्यांच्यासाठी मी कायम हजेरीची सही घेणारी टीचरच राहिले. ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्यांच्यापर्यंतच ते पोहोचलं नाही, आणि त्याला तो पहिला आठवडा कारण आहे. पुन्हा करायचं झालं तर शिस्तीची कारवाई प्राचार्यांकडेच ठेवेन, थोडी कडक असली तरी, आणि माझी खोली त्यातून वेगळी ठेवेन.

त्या शिक्षकांनी ओढणं सोडलेलं नाही. पण आता ते आवाराबाहेर, गेटपासून बरेच लांब जाऊन उभे राहतात. मुलांनी हे टिपलं आहे.

जानेवारीच्या शेवटी बारावीची एक मुलगी खोलीत आली. प्रवेश परीक्षेच्या फॉर्मबद्दल विचारलं, ते झाल्यावरही उठली नाही. मग म्हणाली, “टीचर, ते ‘दम’ फक्त मुलग्यांसाठी आहे का?” मी नाही म्हणाले. “मग व्हॉलीबॉलच्या पायऱ्यांवर कोण मुलगी येऊन बसणार?” ती किती ओढते, कधीपासून, तिच्याबरोबर आणखी कोण, मी काहीच विचारलं नाही. तीन बुधवार मागितले. ती म्हणाली, बुधवारी नको, सगळ्यांना कळेल; सोमवारी लायब्ररीत चालेल. पुढच्या सोमवारी ती दोघींना घेऊन आली.